डिक्शनरी ऑफ लॉस्ट वर्ड्‌स, द (नाट्यरूपांतर)

पिप विल्यम्स या ऑस्ट्रेलियन लेखिकेच्या याच नावाच्या ऐतिहासिक कादंबरीचे (२०२०) इंग्रजी नाट्यरूपांतर. रूपांतरकार व्हेरिटी लॉटन. दिग्दर्शिका जेसिका आर्थर. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘हरवलेल्या शब्दांचा कोश’ असा आहे. ‘स्टेट थिएटर कंपनी साउथ ऑस्ट्रेलिया’ व ‘सिडनी थिएटर कंपनी’ या दोन नाट्यसंस्थांनी संयुक्तपणे निर्मिलेले हे नाटक सप्टेंबर २०२३ मध्ये ॲडिलेड येथील डन्स्टन प्लेहाउस या नाट्यगृहात प्रथम सादर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे प्रयोग सिडनी ऑपेरा हाउस येथे झाले आणि २०२५ मध्ये पात्रयोजनेत बदल करून ते ऑस्ट्रेलियाच्या अन्य शहरांतही नेण्यात आले. एका विख्यात शब्दकोशाच्या निर्मितीची हकीकत सांगत असता, कोणाचे शब्द कोशात येतात व कोणाचे बाहेर राहतात, हा प्रश्न ते उपस्थित करते. बोलल्या जाणाऱ्या पण लिहिल्या न गेलेल्या शब्दांचा कैवार घेणारी कादंबरी जेव्हा बोलण्याच्याच माध्यमात, म्हणजे रंगभूमीवर येते, तेव्हा तिच्या मूळ विचाराचे काय होते, हा या रूपांतराच्या समीक्षेतील मध्यवर्ती मुद्दा होय.

कोशाची पार्श्वभूमी : नाटकाचा आशय समजण्यासाठी ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी शब्दकोशाची कार्यपद्धती लक्षात घेणे आवश्यक आहे. रूढ इंग्रजी कोशांतील उणिवांची चर्चा लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ मध्ये झाली आणि त्यातून या कोशाची कल्पना पुढे आली. प्रत्यक्ष कार्याला गती आली ती १८७९ मध्ये जेम्स मरी (१८३७–१९१५) यांची संपादक म्हणून नियुक्ती झाल्यावर. पहिला भाग १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला व अखेरचा १९२८ मध्ये. पूर्ण झालेल्या कोशात चार लाखांहून अधिक शब्दांची नोंद असून अठरा लाखांहून अधिक अवतरणे आहेत.

मरी १८८५ मध्ये ऑक्सफर्डला आले. बॅनबरी रोडवरील आपल्या घराच्या आवारात त्यांनी पन्हाळी पत्र्याची एक शेड उभारली. शेजाऱ्याच्या दृष्टीआड राहावी म्हणून ती जमिनीत काही फूट खोल बसवावी लागली. त्यामुळे ती दमट व थंड असे. या शेडला त्यांनी ‘स्क्रिप्टोरियम’ असे भारदस्त नाव दिले. मध्ययुगीन मठांतील ग्रंथलेखनाच्या दालनाला हे नाव असे. भिंतींना लावलेल्या लाकडी खणांत शब्दांच्या चिठ्ठ्या वर्णानुक्रमे ठेवलेल्या असत. इंग्रजी वाचणाऱ्या सर्व जनतेला मरी यांनी जाहीर आवाहन केले होते : नेमून दिलेले ग्रंथ वाचावेत आणि लक्षणीय शब्द आढळताच एका चिठ्ठीवर तो शब्द, ग्रंथकाराचे व ग्रंथाचे नाव, वर्ष, पृष्ठ व संपूर्ण वाक्य उतरवून पाठवावे. अशा लाखो चिठ्ठ्या टपालाने येत. मग साहाय्यक त्या लावीत, अर्थांच्या छटा वेगळ्या काढीत आणि त्यांवरून नोंद रचली जाई.

या पद्धतीचे सामर्थ्य व तिची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. शब्दाचा अर्थ संपादकाच्या मतावर न सोडता लेखी पुराव्यावर उभा करणे, हे तिचे सामर्थ्य. परंतु ज्या शब्दाला लेखी पुरावा नाही, त्याला कोशाचे दार बंद, ही तिची मर्यादा. स्वयंपाकघरात, मंडईत, बाळंतिणीच्या खोलीत किंवा कारखान्यात जन्मलेले शब्द छापील ग्रंथांत उतरण्याचा संभव कमी असे, आणि त्या शब्दांची मालकी बहुतांशी निरक्षर किंवा अल्पशिक्षित स्त्रियांकडे होती. अशा रीतीने, कोणीही ठरवून केले नसतानाही, पुराव्याच्या नियमातूनच एक वर्ग भाषेच्या अधिकृत लेख्यातून वगळला गेला. विल्यम्स यांच्या कादंबरीचा उगम या निरीक्षणात आहे.

कादंबरी : कादंबरीची निवेदिका एझ्मी निकॉल ही काल्पनिक पात्र आहे. कोशाच्या एका साहाय्यकाची ही आईवेगळी मुलगी चिठ्ठ्या लावण्याच्या मोठ्या टेबलाखाली बसून लहानाची मोठी होते. आईचे लिली हे नाव असलेली चिठ्ठी आगीत पडल्याचे पाहून ती वाचविण्यासाठी एझ्मी हात पुढे करते व तिची बोटे भाजतात. पुढे टेबलावरून घरंगळून आलेली ‘बाँडमेड’ या शब्दाची चिठ्ठी ती लपविते. हा शब्द ‘आमरण सेवेला बांधलेली दासी’ या अर्थाचा असून, मराठीतील ‘बटीक’ हा शब्द त्याला बराच जवळचा आहे. ती चिठ्ठी, आणि नंतर जमविलेल्या अनेक चिठ्ठ्या, मरी यांच्या घरची तरुण मोलकरीण लिझी हिच्या पलंगाखालील पेटीत साठत जातात. मोठेपणी एझ्मी स्वतःच शब्दसंग्राहक होते. लिझीकडून, मंडईत किरकोळ वस्तू विकणाऱ्या मेबल या वृद्धेकडून, मताधिकारासाठी लढणाऱ्या टिल्डा या नटीकडून ती शब्द मिळविते व चिठ्ठीवर ग्रंथकाराच्या जागी बोलणारीचे नाव लिहिते. अविवाहित मातृत्व, मुलीला दत्तक देऊन ऑस्ट्रेलियाला पाठविण्याचे दुःख, गॅरेथ या जुळाऱ्याशी विवाह आणि पहिल्या महायुद्धात त्याचा मृत्यू, अशा घटनांतून तिचे जीवन पुढे सरकते. तिने जमविलेले शब्द गॅरेथ स्वतः खिळे जुळवून पुस्तकरूपाने छापून देतो, हा कादंबरीतील एक हृद्य प्रसंग होय.

ऐतिहासिक व्यक्तींपैकी मरी व त्यांच्या कोशकार्यात साहाय्य करणाऱ्या मुली कादंबरीत येतात. इतिहासलेखिका इडिथ टॉम्प्सन (१८४८–१९२९) हिला एझ्मीच्या धर्ममातेचे स्थान दिले आहे. इंग्लंडच्या इतिहासावर शालेय ग्रंथ (१८७३) लिहिणाऱ्या या विदुषीने आपल्या बहिणीसह कोशाला हजारो अवतरणे पुरविली आणि अनेक वर्षे मुद्रिते तपासली. कोशाच्या इतिहासात अशा स्त्रियांची नावे प्रस्तावनांतील आभारांपुरतीच दीर्घकाळ राहिली. त्यांना कथेच्या अग्रभागी आणणे, ही कादंबरीची एक ठळक कामगिरी आहे.

रूपांतर : जवळजवळ चार दशकांचा काळ व्यापणारी आणि प्रथमपुरुषी निवेदनावर आधारलेली कादंबरी नाट्यरूपात आणणे सोपे नाही. कादंबरीचे बरेचसे चिंतन एझ्मीच्या मनात चालते; रंगभूमीवर ते संवाद, कृती किंवा दृश्य यांतूनच प्रकट व्हावे लागते. लॉटन यांनी कथानकाचा कालक्रम सामान्यतः कायम ठेवून छोट्या छोट्या प्रवेशांची साखळी रचली आहे. मोजकी नटमंडळी अनेक भूमिका करतात. एझ्मीचे बालपण व प्रौढपण या दोन्ही अवस्था एकच अभिनेत्री साकारते. पहिल्या प्रयोगांत ही भूमिका टिल्डा कोभम-हर्व्ही हिने केली. वाढत्या वयाबरोबर तिची भाषा बदलत जाते. टेबलाखालच्या मुलीचे प्रश्न हळूहळू कोशकर्त्रीच्या व्याख्या होतात. एकाच अभिनेत्रीच्या देहात व आवाजात हे परिवर्तन दिसत असल्याने कादंबरीतील वाढीचा आलेख प्रेक्षकाला एकसंध वाटतो.

जॉनथन ऑक्सलेड यांचे नेपथ्य स्क्रिप्टोरियममधील खणांच्या कल्पनेवर उभारलेले आहे. मेजावरील वस्तू व कागद वरून टिपून त्यांची प्रतिमा मोठ्या आकारात मागे दाखविण्याची योजना त्यात केली आहे. स्थळकाळाच्या सूचनाही याच रीतीने मिळतात. या योजनेचे औचित्य केवळ तांत्रिक नाही. तळहाताएवढी चिठ्ठी दूरच्या रांगेतील प्रेक्षकाला दिसणे अवघड. पण ती मोठी होऊन समोर येते तेव्हा कोशकाराच्या कामातील सूक्ष्मता व त्या कागदाच्या तुकड्याचे मोल ही दोन्ही जाणवतात. स्वयंपाकघर असो वा इस्पितळ, प्रसंग कोठेही घडत असला तरी खणांची भिंत पार्श्वभूमीस आहेच. जगातील प्रत्येक अनुभवाला एक खण असावा ही कोशकाराची आकांक्षा आणि काही अनुभव कोणत्याच खणात मावत नाहीत ही एझ्मीची प्रचीती, असे दोन्ही अर्थ या एका भिंतीतून सूचित होतात.

शब्द व उच्चार : कादंबरीपेक्षा नाटक एका बाबतीत निश्चित पुढे जाते. लिझीचा शब्द कादंबरीत वाचकापर्यंत पोहोचतो तो एझ्मीच्या लेखणीतून. म्हणजेच ज्या छपाईने तो शब्द नाकारला होता, त्याच छपाईच्या मार्फत. शब्द वाचविला गेला असला, तरी त्याचा सूर, त्याच्याआधीचा उसासा, बोलताना चाललेले हात ही सारी सामग्री गळून पडते. दिवसभराच्या कष्टांनी आलेल्या थकव्यासाठी लिझी वापरते तो ‘नॅकर्ड’ हा शब्द या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘अतिशय थकलेला’ ही व्याख्या चुकीची नाही. परंतु पहाटेपासून दुसऱ्यांच्या चुली पेटविणाऱ्या बाईच्या तोंडी तो शब्द येतो, तेव्हा त्यात थकव्याबरोबर तो सांगण्याची सोय नसल्याची जाणीवही असते. ही जाणीव व्याख्येत बसत नाही, पण अभिनयात सहज उतरते. रंगभूमीवर बोलणारी व बोललेला शब्द यांची ताटातूट होत नाही.

मेबलच्या प्रवेशांतही हेच घडते. सभ्य समाजात उच्चारले न जाणारे, स्त्रीदेहाशी निगडित असे ग्राम्य शब्द ती एझ्मीला निःसंकोचपणे शिकविते. अशा शब्दांविषयी कोशाच्या कर्त्यांची अडचण इतिहासप्रसिद्ध आहे. इंग्रजीतील दोन अतिपरिचित अश्लील शब्द लेखी पुरावा उपलब्ध असूनही मूळ कोशात आले नाहीत; १९७२ मध्ये निघालेल्या पुरवणीच्या पहिल्या खंडात त्यांचा प्रथम समावेश झाला. म्हणजे पुराव्याचा नियमही सर्वत्र सारखा लावला जात नव्हता. प्रेक्षागृहात हे शब्द उच्चारले जातात, तेव्हा आधी हशा पिकतो. पण ते उच्चारणाऱ्या वृद्धेचे विपन्न जिणे समोर असल्याने तो हशा फार काळ टिकत नाही. कागदावर जे केवळ धिटाईचे वाटले असते, त्याला येथे करुणेची जोड मिळते.

मताधिकाराच्या चळवळीतील ‘भगिनी’ या संबोधनाचे उदाहरण याहून निराळे आहे. हा शब्द कोशात होताच. परंतु रक्ताच्या नात्यापलीकडे, समान राजकीय ध्येयाने बांधलेल्या स्त्रियांनी एकमेकींना दिलेली हाक हा अर्थ स्त्रिया आपल्या सभांतून घडवीत होत्या. सभेत शब्द कसा बदलतो, हे दाखविण्यास सभागृहासारखे नाट्यगृहच अधिक समर्थ आहे, हे निराळे सांगावयास नको.

इतिहास व कल्पित : नाटकाची भावनिक पकड मान्य करूनही त्याच्या ऐतिहासिक युक्तिवादाची तपासणी करणे अगत्याचे आहे. ‘बाँडमेड’ हा शब्द कोशातून खरोखरच राहून गेला होता. तो ज्या भागात यावयास हवा होता तो १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९०१ मध्ये एका वाचकाच्या पत्रामुळे ही उणीव ध्यानात आली आणि १९३३ च्या पुरवणीत शब्दाला जागा मिळाली. त्याची चिठ्ठी हरवली होती. हा अपघात होता. त्यामागे स्त्रीविषयक आकस असल्याचा पुरावा नाही. शिवाय हा शब्द सोळाव्या शतकातील बायबलच्या इंग्रजी भाषांतरात आढळतो. लेखी परंपरेतला तो जुना शब्द आहे. म्हणजे ज्या शब्दाला कथेने हरवलेल्या शब्दांचे प्रतीक केले, तो बोलीत राहून गेलेल्या शब्दांच्या वर्गातला नाहीच. एका मुलीने चिठ्ठी लपविल्याची कल्पना करून लेखिकेने अपघाताला हेतू दिला. ललित लेखकाला हे स्वातंत्र्य आहे, व त्या शब्दाच्या अर्थामुळे ही कल्पना अतिशय सूचक झाली आहे. तरीही अपघाताने गळालेला शब्द व पद्धतीने वगळलेला शब्द यांतील भेद या प्रतीकामुळे पुसट होतो, हे नमूद केले पाहिजे.

दुसरा मुद्दा मरी यांच्या चित्रणाविषयीचा. बोलीभाषेविषयी ते उदासीन नव्हते. दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवरील त्यांचा ग्रंथ (१८७३) त्या क्षेत्रातील पायाभूत अभ्यास मानला जातो. त्याच काळात जोसेफ राइट यांनी इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश (१८९८–१९०५) सिद्ध केला. खेडोपाडीच्या लोकांकडून ऐकून मिळविलेले शब्द त्यात आवर्जून घेतले होते. राइट हे ऑक्सफर्डलाच अध्यापन करीत आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ मेरी राइट या कामात त्यांची सहकारी होती. पुढे तिने ग्रामीण बोली व लोकाचार यांवर स्वतंत्र ग्रंथही (१९१३) लिहिला. बोललेला शब्द नोंदविण्याची रीत त्याच नगरात, त्याच वर्षांत चालू होती, ही वस्तुस्थिती कथेतील पुरुषी पंडित विरुद्ध एकाकी संग्राहिका या मांडणीला छेद देते. परंतु बोलीचे शब्द बोलींच्या कोशात आणि ग्रंथांचे शब्द भाषेच्या कोशात, ही वाटणीही निरपेक्ष म्हणता येत नाही. तीतून दोन पंक्ती निर्माण झाल्या व त्यांतील एकीलाच ‘इंग्रजी भाषा’ हे नाव मिळाले. कथेचा रोख या वाटणीवर असता, तर तिचा युक्तिवाद अधिक बळकट झाला असता.

पंक्तीची ही उपमा अगदीच काल्पनिक नाही. कोशपूर्तीप्रीत्यर्थ जून १९२८ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये मेजवानी झाली. पंतप्रधान स्टॅन्ली बॉल्डविन तीत बोलले. कोशासाठी आयुष्याची वर्षे वेचलेल्या स्त्रियांना त्या मेजवानीचे निमंत्रण नव्हते. त्यानंतर महिन्याभरातच ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार देणारा कायदा संमत झाला. कोशाची पूर्ती व मताधिकाराची पूर्ती एकाच वर्षी व्हावी, हा योगायोग कथेला मिळालेली इतिहासाची देणगीच होय. एझ्मीची मुलगी ज्या दक्षिण ऑस्ट्रेलियात वाढते, तेथील स्त्रियांना मतदानाचा व विधिमंडळासाठी उमेदवार होण्याचा हक्क देणारा कायदा १८९४ मध्येच संमत झाला होता. ॲडिलेडच्या प्रेक्षकांना ही कथा परकी वाटली नाही, याचे एक कारण या संबंधात सापडते.

मर्यादा : रूपांतराचे काही दोष कादंबरीतूनच आले आहेत, तर काही माध्यमांतरातून निर्माण झाले आहेत. मूळ कथानकाशी एकनिष्ठ राहण्याच्या आग्रहामुळे घटनांची गर्दी होते. प्रेम, मातृत्व, चळवळ, युद्ध व वैधव्य हे टप्पे भराभर ओलांडावे लागतात आणि उत्तरार्धात शब्दसंग्रहाचा धागा नायिकेच्या दुःखकथेखाली काहीसा दबतो. भाषेसारखा अमूर्त विषय नाट्यमय करण्यासाठी वैयक्तिक शोकाचा आधार घेणे स्वाभाविक असले, तरी त्यामुळे प्रश्नाचे सामाजिक रूप व्यक्तिगत होण्याचा धोका असतो.

याहून मूलगामी आक्षेप संग्राहिकेच्या स्थानाविषयी घेता येतो. एझ्मी शिक्षित मध्यमवर्गातील आहे. लिझी व मेबल शब्द देतात. ते निवडणे, त्यांची व्याख्या करणे व ते जपणे ही कामे एझ्मीच करते. मरी यांच्या शेडमध्ये पुरुषांना जे स्थान, ते या पेटीजवळ एझ्मीला. लिझीला लिहिता-वाचता येत नाही. आपल्या नावाने नोंद झाल्याचा आनंद तिला होतो, पण ती चिठ्ठी तिला वाचता येत नाही. कादंबरीत हा विरोधाभास निवेदिकेच्या सहानुभूतीत विरघळतो. रंगमंचावर मात्र लिहिणारी व लिहिता न येणारी या दोघी एकाच प्रकाशात समोरासमोर उभ्या असतात आणि प्रेक्षक दोघींकडेही स्वतंत्रपणे पाहू शकतो. एझ्मी चिठ्ठीवर वाकलेली असताना लिझीच्या मुद्रेकडे पाहण्याची मुभा कादंबरीच्या वाचकाला नसते, ती प्रेक्षकाला मिळते. नाटकाने या शक्यतेचा आणखी धीटपणे उपयोग करावयास हवा होता. परंतु ती शक्यता निर्माण झाली, हेही थोडे नाही.

मूल्यमापन : ऐतिहासिक कादंबऱ्यांची नाट्यरूपांतरे बहुधा मूळ कृतीची संक्षिप्त सचित्र आवृत्ती होऊन राहतात. प्रस्तुत रूपांतर काही अंशी त्याच वाटेने जात असले, तरी विषय व माध्यम यांच्या विशेष संबंधामुळे त्याला निराळे मोल प्राप्त झाले आहे. जो शब्द लिहिला गेला नाही त्याला अस्तित्व नाही, या कोशाच्या नियमाला कादंबरीने लिहूनच उत्तर दिले. नाटकाने ते बोलून दिले. कोशाच्या चिठ्ठीवरील पुरावा टिकतो, पण मुका असतो. रंगमंचावरील शब्द सजीव असतो, पण प्रयोगाबरोबर विरतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नव्याने उच्चारावा लागतो. बोलीतील शब्दही याच रीतीने, रोज कोणीतरी उच्चारल्यामुळे जगत आले आहेत. नाटकातील ऐतिहासिक तपशिलांविषयी व एकांगी मांडणीविषयी मतभेद संभवतात. तथापि भाषेचा पुरावा कोणाच्या तोंडून घ्यावयाचा, हा त्यातील प्रश्न कोणत्याही भाषेच्या कोशकाराला टाळता येण्याजोगा नाही.